साळवे बाईंचा तिसरा प्रश्न

साळवे बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलंय. कुणीतरी त्यांना सांगितलं, सावेडीतल्या भापकर गिरणीवाल्याला विचारा, बाई तिथं तासन्‌तास बसायच्या. म्हणून मी लिहितोय. मी बाईंचा विद्यार्थी नाही. माझी शाळा खर्ड्याला चौथीत सुटली. इंग्रजी अक्षरं मी बघितली ती गिरणीच्या मोटारीवर. पण बाईंनी मला इंग्रजीतले जे दहा-बारा शब्द दिले, त्यांच्यामुळं माझी बायको दीड वर्ष जास्त जगली. हे मी लिहिलं नाही तर कोण लिहिणार?

बाई बुटक्या, सावळ्या. सुती पातळ, हातात गड्यामाणसाचं मोठं घड्याळ, पर्समध्ये कायम खडू. नोकरी बहुतेक कोल्हारकडच्या शाळेत झाली, निवृत्त झाल्यावर आमच्या मागच्या गल्लीत फ्लॅट घेऊन राहिल्या. स्कूटर चालवायच्या ती अशी की सायकलवाला पुढं जायचा. दळण आणलं की डबा ठेवून जायची पद्धत असते, सांजच्याला न्यायचा. बाई डबा ठेवायच्या आणि स्वतः पण पोत्यावर बसायच्या.

पहिल्याच दिवशी माझं आणि त्यांचं वाजलं. ज्वारीचा डबा होता. पुढं नंबर होते. मी म्हणालो, "बाई, टेन्शन घेऊ नका, पाचला मिळंल."

"कसलं टेन्शन?"

"न्हाई म्हंजे... असंच म्हनतेत की."

"कुठं होतंय मला टेन्शन? डोक्यात? पोटात? बघून सांगा."

मला वाटलं, म्हातारी चक्रम आहे. तोंडावर म्हणालो पण, "बाई, दळान दळायला आलाय का भांडायला?"

त्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, "बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, भापकर. माझ्या वर्गात टेन्शन शब्दाला बंदी होती. पोरगं म्हणालं, बाई टेन्शन आलंय, की त्याला उभं करायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. कुठं होतंय? कधी होतंय? कशानं थांबतं? तिन्हीची उत्तरं आली की मग मी त्याला शब्द द्यायची. फुकट नाही द्यायची."

मग त्यांनी खडू काढला आणि माझ्या गिरणीच्या पत्र्याच्या दारावर शब्द लिहायला लागल्या. मला वाचता यावेत म्हणून आपल्या अक्षरात. सगळ्यात खाली अनईझी. त्याच्या वर रेस्टलेस. मग नर्व्हस, मग अँक्शस, त्याच्या वर अ‍ॅजिटेटेड, आणि सगळ्यात वर फ्रँटिक. म्हणाल्या, दूध तापतं तसं समजा. खाली कोमट, वर उतू. शेजारी दुसरी ओळ. ईगर, एक्सायटेड, थ्रिल्ड. ही आनंदाची.

मी म्हणालो, "दोन्हीकडं छातीच धडधडती की."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "शाळा कितवीत सोडली?"

"चौथीत."

"लवकर सोडलीत," म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचं. छाती तीच, तोंडाला कोरड तीच. फरक कशात आहे ते माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. आपण विचारत नाही. आपण शब्द चिकटवून मोकळे होतो."

गिरणीत पीठ उडतं, चार दिवसात दार पांढरं व्हायचं. बाई आल्या की पदरानं पुसून पुन्हा लिहायच्या. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय मंत्र लिहिलेत? मी सांगायचो, इंग्रजी हाय, हात लावू नका.

चष्मा काढायची त्यांची सवय सांगायची राहिली. समोरचा माणूस बोलायला लागला की बाई चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या. मी एकदा विचारलं. म्हणाल्या, चेहरा बघितला की मनात आधीच उत्तर तयार होतं, मग कानावर पडत नाही. अशी बाई मी दुसरी बघितली नाही.

आमच्या चौकात रफीक नावाचा रिक्षावाला आहे. त्याची मुलगी नर्सिंग शिकायला पुण्याला निघाली होती. रफीक गहू घेऊन आला, पेढा दिला आणि म्हणाला, "बाई, एकदम एक्सायटेड हाय बघा मी!"

बाईंनी पेढा तोंडात टाकला, चष्मा काढला. "छान. कुठं होतंय?"

"म्हंजे?"

"एक्सायटेड कुठं होतंय?"

रफीक हसला. मग हसायचा थांबला. मग म्हणाला, "पोटात गोळा आल्यावानी होतंय. दोन दिस जेवन जात न्हाई."

"कधी होतं?"

"तिची बॅग दिसली की."

"कशानं थांबतं?"

त्यानं गव्हाची पिशवी सारखी केली. मग म्हणाला, "ती घरात बोलत आसली की थांबतं."

"मग एक्सायटेड ती असेल. तुम्ही अँक्शस आहात. घरी जाऊन पोरीला सांगा तसं."

"पोरीला? आसं कुनी सांगतं व्हय पोरीला?"

दुसऱ्या दिवशी पीठ न्यायला आला तर डोळे सुजलेले. म्हणाला, "सांगितलं भापकरशेठ. ती बी रडाया लागली. म्हनली, अब्बा, मला वाटलं तुमाला कायच वाटत न्हाई."

आता बाईंना हा नाद कुठून लागला, तेही सांगतो. त्यांनीच सांगितलं होतं, एका दुपारी, वीज गेली होती तेव्हा. नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत त्या होत्या. स्नेहसंमेलनाला हॉल झाडायला हेडमास्तरांनी मुलं निवडली. निवडली ती सगळी बाईंच्या वस्तीतली, बौद्ध वस्तीतली. बाकीची पोरं नाचाच्या तालमीला. बाई हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या आणि आवाज चढवून बोलल्या. मुलं झाडायची थांबली, म्हणजे तेवढं काम झालं. पण वर्षअखेरीला बाईंच्या गोपनीय अहवालात स्वभावाच्या रकान्यात एकच इंग्रजी शब्द आला. एक्सायटेबल. म्हणजे लगेच पेटणारी, डोकं ठिकाणावर नसलेली.

"मी एक्सायटेबल नव्हते, भापकर. मी इंडिग्नंट होते. अन्याय दिसल्यावर माणूस ज्या रागानं उभा राहतो, तो राग. त्याला कारण असतं. एक्सायटेबल म्हटलं की कारण पुसून जातं, फक्त बाई उरते, आरडाओरडा करणारी."

बाईंनी अर्ज केला. शब्द बदला, नाहीतर तो मला कसा लागू होतो ते लिहून द्या. उत्तर आलं नाही. पुन्हा अर्ज. तीन वर्षं अर्ज केले. लोक म्हणायचे, साळवे, एका शब्दासाठी नोकरी घालवाल. शेवटी दुसरे साहेब आले, त्यांनी तो शब्द खोडला.

मी खर्ड्याचा. आमच्या घरात माझ्या लहानपणी बाईंच्या लोकांना पाणी वरून ओतायचे. मी ते डोळ्यानं बघितलंय आणि त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. हे मी त्या दुपारी बाईंना सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. बाईंनी चष्मा काढून ऐकलं. म्हणाल्या, "पाणी कोण ओतायचं?"

"माजी आय."

"आणि तुम्ही?"

"मी तांब्या भरून द्यायचो."

"बरं," म्हणाल्या. एवढंच. दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या आल्या आणि पोत्यावर बसल्या. त्यांनी मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही.

आता हौसाचं. हौसा म्हणजे माझी बायको. आमचं घर गिरणीच्या मागंच आहे. चार वाजता ती चहा घेऊन यायची, बाईंना वेगळा, बिनसाखरेचा. हौसा एक दिवस शाळेत गेली नाही, पण बोलायला खर्ड्याच्या बाजारात तिला कुणी हरवलं नसतं. बाईंची आणि तिची गट्टी जमली. बाईंनी एक वही केली, तिच्यात हौसाचे शब्द लिहायच्या. तगमग. घालमेल. काहूर. हुरहूर. एकेकाला विचारायच्या, हौसाताई, घालमेल आणि तगमग यांत फरक काय?

"घालमेल दोन गोष्टींची असती, बाई. हे करू का ते करू. तगमग एकाच गोष्टीची. पानी पायजे, पानी न्हाई. ती तगमग."

बाई लिहून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "तगमगीला इंग्रजीत नेमका शब्द सापडत नाही मला."

"मग आमचाच देऊन टाका की त्यान्ला," हौसा म्हणाली. बाई इतक्या हसल्या की चहा सांडला.

त्या दिवसांत हौसाला बरं नव्हतं. दम लागायचा, झोप यायची नाही. मी तिला आमच्या डॉक्टरकडं न्यायचो. डॉक्टर विचारायचे, काय होतंय आजी? ती तोंड उघडायच्या आत मी सांगायचो, "साहेब, टेन्शन लई घेती. झोपत न्हाई." डॉक्टर लिहून घ्यायचे, झोपेच्या गोळ्या द्यायचे. आठ महिने हे चाललं. मला वाटायचं, साहेबाशी बोलायचं म्हणजे गड्यानं बोलायचं, आणि एखादा इंग्रजी शब्द टाकला की साहेबाला बरं कळतं. आमच्याकडं सगळे असंच करतात. दवाखान्यात बाकड्यावर बसून ऐका, बायको आजारी आणि बोलतो नवरा.

एका दुपारी हौसा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. कपबश्या वाजायला लागल्या. बाईंनी उठून ट्रे धरला. "काय होतंय हौसाताई?"

मी गिरणीच्या पट्ट्यापाशी होतो. तिथूनच ओरडलो, "काय न्हाई बाई, टेन्शन घेती ती!"

बाईंनी माझ्याकडं न बघता हात वर केला. "भापकर, मी तुम्हाला विचारलं का?"

लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली होती. मला असं गप कुणी केलं नव्हतं. हौसाला हसू आलं, तेवढ्या दमातही. मग ती म्हणाली, "बाई, उलघाल व्हती."

"कुठं होते?"

"हितं." तिनं छातीखाली हात ठेवला. "आन् हितनं वर चढती. बुडल्यावानी."

"कधी?"

"आडवं झालं की."

"आणि कशानं थांबते?"

"उटून बसलं की. भिताडाला टेकून बसलं की थांबती. पुन्ना आडवं झालं की पुन्ना येती. म्हनून मी बसूनच आसते, बाई."

वर दाणे ओतायच्या हॉपरात दाणे असताना गिरणी बंद करू नये, दगड अडकतो, पुन्हा चालू करायला घाम निघतो. मी ती तशीच बंद केली. मला ऐकायचं होतं. मी हौसाच्या शेजारी झोपत होतो. ती भिंतीला टेकून बसलेली मला दिसायची. मला वाटायचं, सासरी दिलेल्या लेकीची काळजी करते, देवाचं नाव घेते. आठ महिने मी विचारलं नाही, का बसलीस? विचारलं ते बाईंनी, आणि त्याला चहा निवायचाही वेळ लागला नाही.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर घेऊन आल्या. हौसा जन्मात पहिल्यांदा स्कूटरवर बसली, बाईंच्या कमरेला मिठी मारून. मी मागून रफीकच्या रिक्षात. दवाखान्यात आमचा नंबर आला तसं बाई मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

"नवरा हाय मी तिचा!"

"म्हणूनच."

मी बाहेर बसलो. दार अर्धंच लागत होतं, सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर तरुण होते, माणूस वाईट नव्हे. म्हणाले, "मॅडम, पेशंट अँक्शस आहेत, फाईलमध्ये आहे माझ्या."

"हे त्यांनी सांगितलं?"

"नाही, मिस्टर सांगतात त्यांचे."

"मग ते मिस्टर अँक्शस असतील. यांना विचारा," बाई म्हणाल्या. "घाई करू नका. यांच्या भाषेत विचारा."

मग हौसाचा आवाज आला. तिनं बाईंना सांगितलं होतं तेच सांगितलं. मधे बाई इंग्रजीत काहीतरी बोलल्या, त्यातले दोन शब्द मला ओळखू आले, माझ्या दारावरचे. अँक्शस नाही म्हणाल्या, रेस्टलेस म्हणाल्या, आणि पुढं आडवं पडण्याचं काहीतरी. डॉक्टरांनी फाईल मिटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "आजी, उशाला किती उशा घेता?"

"उशी कसली, साहेब. उशी घेऊन झोपायला मी झोपते कुटं?"

डॉक्टरांनी तिचे पाय दाबून बघितले. बोट उचललं तरी खड्डा तसाच राहिला होता, हे बाईंनी मला नंतर सांगितलं. मग छातीची तपासणी, मोठ्या यंत्रावरची. हृदय दमलं होतं, पाणी साचत होतं. आडवं झालं की ते पाणी छातीत चढायचं. बुडल्यावानी होतं, असं ती म्हणाली होती. ती खरंच बुडत होती. आणि मी तिला झोपेच्या गोळ्या देत होतो.

नव्या गोळ्या सुरू झाल्या. आठवडा झाला नसेल, दुपारी मी घरात गेलो तर हौसा आडवी झोपलेली, तोंड उघडं, घोरत होती. मी चौकटीत उभा राहून ते घोरणं ऐकलं. गिऱ्हाईक हाका मारत होतं, मी गेलो नाही.

बाईंना मी सांगायला गेलो, तुम्ही तिला वाचवलं. म्हणाल्या, "मी काय केलं? सांगितलं तिनं, तपासलं डॉक्टरांनी." त्यांना असं बोललेलं आवडायचं नाही. पण मी डोळ्यानं बघितलंय. एम. बी. बी. एस. झालेला माणूस आठ महिने समोर बसला होता, नवरा पन्नास वर्षं शेजारी होता. कळलं ते बाईंना. मला आजही त्याचं नवल वाटतं, आणि थोडी भीतीही वाटते. एवढं नीट ऐकणारं माणूस जवळ असलं की आपण काय काय ऐकलेलं नाही ते कळायला लागतं.

दीड वर्ष हौसा चांगली होती. मग पुन्हा पाणी साचलं, मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती हातपाय झाडायला लागली, सुई ओढायला लागली. सिस्टर म्हणाली, "बाबा, पेशंट अ‍ॅजिटेटेड आहे, इंजेक्शन द्यावं लागेल." मला शब्द माहीत होता. माझ्या दारावरचा, वरून दुसरा. मी बाईंना फोन लावला. म्हणालो, "बाई, लवकर या, ती अ‍ॅजिटेटेड झालीय."

पलीकडून बाई म्हणाल्या, "मला का सांगता? तिला विचारलं?"

"तिला बोलता येत न्हाई नीट."

"तुम्ही वाकलात का?"

मी फोन खिशात टाकला. सिस्टरला म्हणालो, पोरी, जरा थांब. मी वाकलो. तिच्या तोंडाला कान लावला आणि बाई चष्मा काढायच्या तसे डोळे मिटून घेतले. म्हणालो, "हौसा, कुटं व्हतंय?"

पहिल्यांदा काही आलं नाही. मग आलं. "पाय."

"पायाला काय व्हतंय?"

"गार."

वर थंड हवेचं यंत्र होतं, सरळ तिच्या पायावर मारत होतं. चादर सरकली होती. मी गळ्यातला मफलर काढला, तिच्या दोन्ही पावलांना गुंडाळला आणि धरून बसलो. हळूहळू हातपाय शांत झाले. सिस्टरनं भरलेली सुई परत नेली. एवढंच होतं. पाय गार पडले होते.

दुसऱ्या दिवशी ती गेली. शांत गेली. मी तिचे पाय धरून बसलो होतो.

तेरावं झाल्यावर बाई घरी आल्या. जयभीम म्हणाल्या, नेहमीसारखं. मी एकटाच होतो. मी म्हणालो, "बाई, आठ महिने तिच्या तोंडचं मी बोललो."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ द्या, तुमचा काय दोष. बाई म्हणाल्या, "हो. बोललात."

मग मी केलेला बिनसाखरेचा चहा प्यायल्या. उठताना म्हणाल्या, "शेवटी विचारलंत. तेही खरं आहे. दोन्ही खरं आहे."

त्याच्यानंतर गिरणीबाहेर मी बाईंना एकदाच बघितलं. हौसाच्या मृत्यूचा कागद आणायला मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. बाहेरच्या पेशंटच्या बाकड्यांपाशी मला त्यांचं पातळ दिसलं. बाई कुठल्यातरी म्हातारीशेजारी बसल्या होत्या. नंतर सिस्टरनं सांगितलं, आठवड्यातून दोन सकाळी येतात, म्हाताऱ्या बायकांबरोबर आत जातात, साहेबांची परवानगी आहे.

म्हातारी गप होती. तिचा माणूस पलीकडं उभा होता, त्याची चुळबुळ चाललेली. बाईंना कसलीच घाई नव्हती. त्या नुसत्या बसल्या होत्या, मान थोडी खाली. खिडकीवर नंबर पुकारले जात होते, लोक उठत होते, बसत होते. मी कागद हातात घेऊन खांबाशी उभा राहिलो. हाक मारावी असं एकदा वाटलं. पण तेवढ्यात म्हातारीनं तोंडावरचा पदर बाजूला केला आणि काहीतरी बोलली. बाई तिच्याकडं अजून थोड्या सरकल्या.

मी पाय न वाजवता बाहेर आलो.